शेरा

मे महिन्यातल्या एका मंगळवारी
पिएदाद फुर्तादो बाणावलीहून बसने आली
आणि आमच्या आक्यातल्या प्रयोगशाळेत, टेबलावर
तिने एक बाटली ठेवली. लेबलावरचा काजू अर्धा खरवडलेला.
आत पाणी. इतकं नितळ
की बाटली रिकामीच वाटावी.

"बाय, हें उदक बरें काय तें पळय."

कुठलं, मी विचारलं. विहीर, नळ, टँकर,
अर्जावर एवढेच तीन चौकोन.
म्हणाली, वरच्या फ्लॅटचं.
दिल्लीचे, पुण्याचे, कुठकुठले येतात चार दिवसांसाठी,
दारं-खिडक्या लावून दोन्ही एसी रात्रंदिवस,
आणि पाइप सोडलाय माझ्या परसात.
आधी भांडले. मग बादली लावली.
रात्रीत बारा लिटर!
नळ येतो पहाटे पाऊण तास, तोही खोकत.

मी पेनाने चौथा चौकोन काढला,
शेजारी लिहिलं: हवा.

क्षार बावीस.
आमच्या मीटरला इतक्या खालच्या आकड्याची सवय नाही,
तीनदा धुतला, तीनदा पाहिलं.
सामू सहा पूर्णांक दोन, किंचित आंबट.
पोटात काही नसलेलं पाणी असं असतं,
भेटेल त्याला चाटत जातं,
आणि वाटेत त्याला भेटली तांब्याची नळी.
तांबं आलं. थोडं.
ट्रेमधला बुळबुळीतपणाही आला,
दोन दिवसांनी बशीत ठिपके, मोजायचा कंटाळा यावा इतके.

शुक्रवारी ती परत आली तेव्हा सांगितलं:
पिऊ नका.
फरशी पुसा, संडासात ओता,
क्रोटनला घाला, अबोलीला घाला,
पेज मात्र यात शिजवू नका.

तिला हसू आलं.
बाबांची भट्टी होती म्हणाली, केप्याच्या डोंगरात.
भाण तांब्याचंच.
मी सात वर्षांची. माझं काम एकच,
लवणीवर थंड पाणी ओतत राहायचं.
गरम असेतो वाफ उडवाउडवी करते,
डोक्यावर गार पडलं की कबूल होते,
थेंब थेंब.
वर तेच तर चाललंय.
आत काजूच्या जागी माणसं, एवढंच.

मी रिपोर्टवर सही करायची थांबले.
म्हणजे त्या बादलीत
कुणाचे ओले टॉवेल होते, कुणाच्या चहाची वाफ,
दार उघडताना घुसलेला थोडा समुद्र,
कुणाचा तरी झोपेतला श्वास,
पहाटे तीनला दबक्या आवाजात झालेलं भांडण.
आमच्या यंत्राला यातलं काही दिसत नाही.
त्याला तांबं दिसतं.

जाता जाता, बाजारात बांगड्यांचा भाव सांगावा तशी म्हणाली,
वरचा मजला मीच विकला.
आंतोनच्या ऑपरेशनला.
तेव्हा तिथे पंखासुद्धा नव्हता,
पश्चिमेची खिडकी उघडली की पुरे व्हायचं.
आता ते सोमवारी जातात, नवे बुधवारी येतात,
मंगळवारी अबोली माना टाकते.

पावती कुणाच्या नावाने करू?
फ्लॅटमालक लुधियानाचा.
ती म्हणाली, माझ्या.
परसात पडतं ना!

ती गेल्यावर पाठीमागे ऐकू आलं,
आमचा एसी, अकरा वर्षं गटारात टपकणारा.
ॲसिडचा एक रिकामा कॅन धुऊन लावला.
संध्याकाळपर्यंत अर्धा भरला.
मी त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले,
दिवसभर या खोलीत मी एकटीच होते.

रिपोर्ट टाइप करताना रकाने क्रमाने:
रंग, नाही.
गढूळपणा, नाही.
वास.
इथे अडले. दोनदा हुंगून पाहिलं.
मग शेऱ्यात लिहिलं:
हुर्राकचा, पुसट. बाटलीतून आलेला.

साहेब म्हणाले, हे खोड.
अजून खोडलेलं नाही.